अनिश्चिततेचे तत्त्व नेमके काय सांगते?

मन एकाग्र केले की अणूतले कण आपल्या इच्छेप्रमाणे वागतात आणि हे हायझेनबर्गने सिद्ध केले आहे, असा एक संदेश बऱ्याच जणांनी आम्हाला पाठवला. 'पाठात घ्या' असेही सुचवले. म्हणून आज घेतो आहोत. पण आधीच सांगतो, त्या तत्त्वाचा मनाशी किंवा इच्छेशी काही संबंध नाही.

वर्नर हायझेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने हे तत्त्व १९२७ साली कोपनहेगनमध्ये मांडले. वय अवघे पंचवीस. कणाचे स्थान जितके नेमके, तितका त्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अनिश्चित. आणि उलटही तसेच. दोन्ही अनिश्चिततांचा गुणाकार एका ठरावीक किमतीच्या खाली कधीच जात नाही.

हे समजावताना त्याने सूक्ष्मदर्शकाची कल्पना घेतली. इलेक्ट्रॉन बघायचा तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागणार, आणि त्या प्रकाशाचा धक्का बसून इलेक्ट्रॉनचा वेग बदलणार. नील्स बोरने या मांडणीत चूक दाखवली, तेव्हा छपाईच्या वेळी लेखाला टीप जोडावी लागली. (गंमत अशी, की १९२३ मध्ये म्यूनिकच्या तोंडी परीक्षेत हायझेनबर्ग सूक्ष्मदर्शकाच्याच प्रश्नावर अडकला होता!) बहुतेकांचा घोटाळा या धक्क्यापाशीच होतो. वाटते, की इलेक्ट्रॉनला स्थान आणि वेग दोन्ही नेमके होतेच, आपण फक्त ते बिघडवले. तसे नाही.

आता टाळी वाजवून बघा. ती कधी वाजली हे अगदी नेमके सांगता येते, पण तिचा सूर कोणता? सांगता येत नाही. उलट तंबोऱ्याची तार छेडा. सूर पक्का कळतो, पण तो कळायला तार काही वेळ घुमत राहावी लागते. तो एका क्षणाचा नसतो. यात ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष नाही. लहरीचा स्वभावच तसा आहे. इलेक्ट्रॉनही लहरीसारखा वागतो आणि त्याचा संवेग लहरीच्या लांबीवरून ठरतो. लहर इवल्याशा जागेत कोंडली, की तिला एकच एक लांबी उरत नाही. खोलीत कुणी बघणारा असो वा नसो.

मग रोजच्या व्यवहारात हे का जाणवत नाही? १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू घ्या. त्याचे स्थान मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत ठरवले, तरी वेगातली किमान अनिश्चितता इतकी क्षुल्लक, की तेवढ्या वेगाने विश्वाच्या १३८० कोटी वर्षांत चेंडू जेमतेम एका अणूएवढा सरकेल. पण इलेक्ट्रॉन अणूएवढ्या जागेत, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागात कोंडला, तर त्याच्या वेगातली अनिश्चितता निदान सेकंदाला ५८० किलोमीटर! आणखी आत ढकलाल तर आणखी वाढेल. म्हणून तर तो केंद्रकावर कोसळून तिथेच बसत नाही, आणि म्हणूनच अणूला आकार आहे.

हेलियमचेही असेच. बाकी सगळे पदार्थ पुरेसे थंड केले की गोठतात. हेलियम मात्र नेहमीच्या दाबाखाली उणे २७३ अंशांच्या जवळ नेला तरी द्रवच राहतो, कारण त्याचे हलके अणू एका जागी पूर्ण स्थिर होऊच शकत नाहीत. तो गोठवायला हवेच्या दाबाच्या सुमारे २५ पट दाब द्यावा लागतो.