मधुमेह आणि डोळ्यांची राखण

"मला लांबचं दिसतं. जवळचंही दिसतं. मग डोळे कशाला तपासायचे?"

मधुमेह झालेली पुष्कळ माणसे असे म्हणतात. बोलणे खरे वाटते. दात ठणकला तर आपण दात दाखवतो. पायात काटा मोडला तर पाय दाखवतो. न दुखणारा, चांगला दिसणारा डोळा कोण दाखवील? पण मधुमेह असेल तर हे बोलणे फसवे आहे. ते कसे, हे या पाठात पाहू.

मधुमेह म्हणजे काय?

आपण भाकरी, भात, गूळ खातो. त्याची पोटात साखर होते. ती रक्तातून सगळ्या अंगाला मिळते. तिच्याच जोरावर आपण काम करतो. ही साखर अंगाच्या कामी यावी म्हणून एक रस लागतो. त्याला इन्सुलिन म्हणतात. पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. हा रस तिथे तयार होतो. रस कमी पडला, किंवा अंगाला त्याचा गुण येईनासा झाला, की साखर रक्तातच साचते. हाच मधुमेह. मधु म्हणजे मध. या रोगात लघवीतूनही साखर जाते, म्हणून हे नाव पडले. लोक नुसते 'शुगर' असेही म्हणतात.

हा रोग शहरातल्या सुखवस्तू माणसांचाच, असे आता कोणी म्हणू नये. 2023 साली देशभरच्या एका मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. भारतात सुमारे 10 कोटी माणसांना मधुमेह आहे, असे त्यात दिसले. खेड्यांतही मोठ्या माणसांत शंभरी सुमारे 9 जणांना तो आहे.

डोळा कसा पाहतो?

डोळ्याच्या मध्यभागी काळी बाहुली असते. ती डोळ्याची खिडकी आहे. तिच्यातून उजेड आत जातो. बाहुलीच्या मागे एक स्वच्छ भिंग असते. डोळ्याच्या आत अगदी मागे एक पातळ पडदा असतो. भिंगातून गेलेल्या उजेडाचे चित्र या पडद्यावर उमटते. तेथून एक नस ही खबर मेंदूला पोचवते. तेव्हा आपल्याला दिसते.

पडद्याचा मधला, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा भाग फार मोलाचा आहे. वाचायला, सुईत दोरा ओवायला, माणसाचा चेहरा ओळखायला तोच लागतो.

हा पडदा जिवंत आहे. त्यालाही अन्न लागते, हवा लागते. ती त्याला रक्तातून मिळते. त्यासाठी पडद्यावर केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे असते. मधुमेह घाला घालतो तो या जाळ्यावर.

मळ्यातले पाट आणि डोळ्यातले पाट

मळ्यात पाटाचे पाणी कसे खेळते, ते तुम्ही रोज पाहता. पाटाच्या कडा धड असल्या, तर पाणी हवे तिथे जाते. कडा झिजल्या तर? पाझर लागतो. पाणी भलतीकडे मुरते. जमीन चिबड होते, पीक पिवळे पडते.

डोळ्यातही असेच घडते. रक्तात वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली, की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. कुठे लहान फुगे येतात. कुठे रक्ताचे थेंब गळतात. कुठे पाणी पाझरते. हे पाणी पडद्याच्या मधल्या भागात साचले, तर तो सुजतो. मग अक्षरे पुसट दिसतात. सरळ ओळ वाकडी दिसते.

पुढे काही पाट गाळाने बुजतात. पडद्याचा तेवढा भाग रक्तावाचून उपाशी राहतो. मग शरीर नव्या रक्तवाहिन्या काढते. हे ऐकून बरे वाटेल. पण भुसभुशीत मातीत घाईने काढलेला पाट कितीसा टिकणार? या नव्या वाहिन्या फार नाजूक असतात. त्या फुटतात. डोळ्याच्या पोकळीत रक्त उतरते. डोळ्यापुढे काळे ठिपके किंवा दोरे तरंगू लागतात. कधी एका रात्रीत अंधारी येते. पुढे आत व्रण धरतात. ते पडद्याला ओढतात आणि पडदा जागचा सुटतो. असे झाले तर डोळा जाऊ शकतो.

हे दुखत का नाही?

हे सगळे चालू असताना डोळा दुखत नाही. तो लाल होत नाही. त्यातून पाणी गळत नाही. मधल्या भागाला धक्का लागेपर्यंत नजरही चांगली राहते. बिघाड आत वर्षे वर्षे वाढतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. नजर कमी झाल्याचे कळते, तेव्हा पुष्कळ नुकसान होऊन गेलेले असते.

हा मोतीबिंदू नव्हे

नजर कमी झाली की घरचे म्हणतात, "मोतीबिंदू असेल. पिकू दे, मग काढू." हा मोठा धोका आहे. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की बहुधा पुन्हा दिसू लागते. पडद्याचे तसे नाही. खराब झालेला पडदा बदलता येत नाही. चष्म्याचा नंबर वाढवूनही तो सुधारत नाही. डोळ्यांत मध, दूध किंवा झाडपाल्याचा रस घातल्याने तर अपायच होतो. म्हणून नजर का कमी झाली, हे डॉक्टरलाच ठरवू द्या.

तपासणी कशी करतात?

एक वयस्कर शेतकरी डोळ्यांच्या दवाखान्यात आले आहेत. त्यांचे आणि डॉक्टरीणबाईंचे बोलणे ऐका.

तात्या : बाई, परवाच चष्म्याच्या दुकानात शेवटची ओळबी वाचली मी. माझे डोळे ठणठणीत हायेत.

डॉक्टरीणबाई : छान आहे, तात्या. पण ते झालं अंगणातून घर बघणं. माजघराच्या भिंतीला ओल आली का, हे अंगणातून कसं कळेल? मला आत डोकवावं लागेल.

तात्या : डोळ्याच्या आत? ते कसं वो?

डॉक्टरीणबाई : डोळ्यात औषधाचे थेंब घालते. थोड्या वेळानं बाहुली मोठी होते. मग उजेड टाकून आतला पडदा बघते. काही ठिकाणी यंत्रानं पडद्याचा फोटोही काढतात.

तात्या : लई दुखंल का?

डॉक्टरीणबाई : थेंब जरासे चुरचुरतील, एवढंच. नंतर काही तास जवळचं अंधुक दिसेल. ऊन सोसणार नाही. म्हणून आज मोटारसायकल तुम्ही चालवायची नाही. सोबत मुलगा आहे ना?

तात्या : हाय की. पर एक सांगा, काहीच सापडलं न्हाई तर खेप फुकटच गेली म्हणायची!

डॉक्टरीणबाई : फुकट कशी? पडदा चांगला आहे हे कळलं, ही कमाईच की. दर वर्षी पोळ्याच्या आठवड्यात येत जा. म्हणजे विसर पडणार नाही.

उपाय कोणते?

पहिला उपाय आपल्याच हातात आहे. तो म्हणजे साखर आटोक्यात ठेवणे. 1993 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल जाहीर झाला. इन्सुलिन घेणाऱ्या 1,441 रोग्यांवर तो अभ्यास झाला होता. ज्यांचा पडदा सुरुवातीला चांगला होता, त्यांच्यापैकी साखर नेटाने आटोक्यात ठेवणाऱ्यांत हा विकार होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. रक्तदाब ताब्यात ठेवला तर पडद्याचा बिघाड हळू वाढतो, हेही 1998 साली इंग्लंडातल्या अभ्यासात दिसले.

दुसरा उपाय लेसरचा. लेसर म्हणजे बारीक, नेमका मारा करणारा उजेड. त्याने पडद्यावर जागोजाग शेक देतात. नव्या, नाजूक वाहिन्या त्यामुळे आक्रसतात. अशा डोळ्यांची नजर पार जाण्याचा धोका लेसरने निम्म्याहून कमी होतो, हे 1976 सालीच सिद्ध झाले.

तिसरा उपाय इंजेक्शनचा. थेंबांनी डोळा बधिर करून आत औषध देतात. पाझर कमी होतो, सूज उतरते. हे इंजेक्शन बहुधा पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. मध्येच सोडून चालत नाही.

आत रक्त साचले असेल किंवा पडदा ओढला गेला असेल, तर शस्त्रक्रिया करतात.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे उपाय आहे ती नजर वाचवतात. काही वेळा नजर थोडी सुधारते. पण पडदा फार बिघडल्यावर गेलेली नजर बहुधा पूर्ण परत येत नाही. म्हणून लवकर जाण्यालाच मोल आहे.

ध्यानात ठेवा

1. तिशी ओलांडली की प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.
2. मोठेपणी मधुमेह निघाला, तर लगेच डोळ्यांचा पडदा तपासा. पुढे दर वर्षी तपासा. बिघाड असेल तर डॉक्टर सांगतील तेवढ्या लवकर जा.
3. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच डोळे दाखवा. गरोदरपणात हा विकार भराभर वाढू शकतो.
4. औषध किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. बरे वाटते, म्हणजे साखर उतरली असे नाही.
5. तंबाखू आणि विडी सोडा. त्यांनी रक्तवाहिन्या आणखी बिघडतात.
6. एकाएकी अंधारी आली, काळे ठिपके वाढले, पडदा ओढल्यासारखे वाटले, तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

प्रश्न

1. मधुमेहाने डोळ्यातल्या कोणत्या भागाला इजा होते?
2. नजर चांगली असली तरी डोळे का तपासावेत?
3. मोतीबिंदू आणि पडद्याचा विकार यांत फरक काय?
4. थेंब घालून तपासणी करायची असेल, तर सोबत कोणी का न्यावे?

घरी करायचे काम

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाला मधुमेह आहे का, ते विचारा. त्यांच्या डोळ्यांचा पडदा शेवटी कधी तपासला, तेही विचारा. ती तारीख वहीत लिहा. एक वर्ष होऊन गेले असेल, किंवा तारीख आठवतच नसेल, तर पुढे दवाखान्यात जायचा दिवस ठरवा आणि तोही तिथेच लिहा.