नदीची नाडी जिवाणूंच्या हाती

‘दिवाळीनंतर कयाधूचे पाणी इतके नितळ होते की तळाचे गोटे दिसतात. मग ते तपासायचे कशाला?’ असे एका वाचकाने पत्राने विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. नदीत झिरे खोदून पाणी भरणारी आणि काठच्या विहिरींवर विसंबणारी कुटुंबे आपल्याकडे आहेत, म्हणून आज याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

गढूळपणा हा मातीचा असतो. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ हे रोग मात्र माणसाच्या विष्ठेतून पाण्यात उतरतात आणि त्यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तुरटी फिरवली की पाणी निवळते, जंतू मरत नाहीत. हे मी रुग्णांना वारंवार सांगतो, तरी तुरटीवरचा लोकांचा विश्वास काही कमी होत नाही!

आता प्रत्येक रोगाचा जंतू पाण्यात वेगळा शोधणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम आहे. शिवाय हे जंतू पाण्यात आज असतील, उद्या नसतील. त्यामुळे शास्त्रज्ञांनी साक्षीदार शोधला. थिओडोर एशरिच या जर्मन बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या बाळांच्या शौचात सापडलेल्या एका जिवाणूचे वर्णन केले. तोच पुढे ई. कोलाय म्हणून ओळखला गेला. माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात तो कोट्यवधींच्या संख्येने राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत. पण तो पाण्यात सापडला, की विष्ठा पाण्यापर्यंत पोहोचली हे नक्की. आणि जिथे विष्ठा पोहोचली तिथे पटकीचा जंतूही पोहोचू शकतो.

प्रयोगशाळेत हे पाणी दुग्धशर्करा घातलेल्या द्रवाच्या परीक्षानळ्यांत ठरावीक मापाने घालतात. प्रत्येक नळीत एक चिमुकली नळी उलटी ठेवलेली असते. ३७ अंश सेल्सिअसवर ठेवल्यावर कोलिफॉर्म गटाचे जिवाणू शर्करा आंबवतात आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा धरतो. किती नळ्यांत बुडबुडा आला त्यावरून तक्ता पाहून १०० मिलिलिटरमधील संभाव्य संख्या काढतात. मात्र या गटातले काही जिवाणू माती-पालापाचोळ्यातलेही असतात. त्यांना वगळण्यासाठी तीच परीक्षा ४४.५ अंशांवर करतात. एवढी उष्णता मुख्यतः आतड्यातल्या जिवाणूंनाच मानवते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत, आंघोळीच्या नदीपाण्यात एकूण कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत चालतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मात्र ई. कोलाय एकही चालत नाही.

पण एका बाटलीवरून नदीची प्रकृती कळत नाही. पोळ्याच्या दिवशी बैल धुतले जात असताना घाटावरून नमुना घेतला तर शेणातले ई. कोलाय मोजले जाणारच. म्हणून नमुने वस्तीच्या वरच्या अंगाला, नाला मिळतो तिथे आणि खाली काही अंतरावर, असे निरनिराळ्या ऋतूंत घ्यावे लागतात. वर आकडा कमी आणि गावाखाली एकदम चढला, तर दुखणे कुठले ते समजते. आणखी खाली तो उतरला, तर नदीने स्वतःला सावरले. वाहते पाणी, ऊन आणि जिवाणूंना खाणारे सूक्ष्म जीव ही कामगिरी करतात. उन्हाळ्यात धार आटते तेव्हा सांडपाणी पातळ करायला पाणीच उरत नाही. झिरा खोदताना नेमके हे विसरले जाते. वाळू पाणी गाळते खरी, पण शेजारून नाला झिरपत असेल तर वाळूवर किती भरवसा ठेवायचा?

नदीतले दुसरे जिवाणू घाण कुजवतात आणि ते करताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. तो किती वापरला जातो ते आपल्या देशात २७ अंशांवर तीन दिवस नमुना ठेवून मोजतात. यालाच बीओडी म्हणतात. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालात महाराष्ट्रातले ५३ प्रदूषित नदीपट्टे या बीओडीवरूनच ठरवले होते. याचा अर्थ, यादीत नाव नसलेल्या नदीचे पाणीही विष्ठेच्या जंतूंपासून मुक्त असेलच असे नाही. माझ्या मते दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले पाहिजेत.

नमुना शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत आणू नये, नाहीतर बाटलीचेच जंतू मोजले जातील. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली घ्यावी, पृष्ठभागाखाली धरून तोंड प्रवाहाकडे करून भरावी आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचती करावी.

गावपातळीवर सोपी सोयही आहे. मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत औषध लावलेल्या कागदाच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवतात. एक-दोन दिवसांत पाणी काळे झाले तर ते संशयास्पद. संख्या मात्र यातून कळत नाही. शिवाय पाणी काळे झाले नाही म्हणून विषाणू नाहीतच असेही नव्हे, तेव्हा पिण्याचे पाणी खळखळ उकळावे किंवा त्यात क्लोरीन टाकावे. काळ्या झालेल्या बाटलीत जंतू वाढलेले असतात. तिच्यात टीसीएल पावडर टाकून काही वेळ ठेवावे, मग पाणी खड्ड्यात ओतावे. बाटली मुलांच्या हाती देऊ नये आणि पुन्हा घरात वापरू नये.