पर्जन्याची नोंद आणि तिचे वाचन

आकडे गोळा करणे आणि ते निर्णयास उपयोगी पडतील अशा रीतीने मांडणे, ही दोन वेगळी कामे होत. लातूर-बार्शी मार्गावरील मुरुड परिसरासारख्या अवर्षणप्रवण भागात हा भेद विशेष ध्यानात घ्यावा लागतो. कारण येथे पावसाच्या एका नोंदीवर शेतकऱ्याला मिळणारी मदत अवलंबून असू शकते.

सरासरीची मर्यादा

महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी मानली जाते. समजा, एका मंडळात 70 आणि शेजारच्या मंडळात 20 मिलिमीटर पाऊस पडला. दोहोंची सरासरी 45 येते. केवळ सरासरी पाहणाऱ्यास अतिवृष्टी कोठेच दिसणार नाही. पहिल्या मंडळातील सोयाबीन मात्र पाण्यात उभे असेल. म्हणूनच अहवालात तालुक्याच्या आकड्याबरोबर प्रत्येक मंडळाचा आकडा असणे अगत्याचे आहे. महावेध प्रकल्पात मंडळ स्तरावर उभारलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे हे सुलभ झाले आहे.

दिनांक आणि खंड

पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठ वाजता, मागील चोवीस तासांची घेतली जाते. त्यामुळे 5 तारखेच्या रात्री पडलेला पाऊस 6 तारखेच्या नोंदीत येतो. पंचनाम्याच्या वेळी ही गोष्ट ठाऊक नसल्यास विनाकारण वाद उद्भवतो. तसेच महिन्याची बेरीज पुरेशी दिसली तरी मधल्या तीन आठवड्यांत पाऊस झाला नसेल, तर पीक हातचे जाते. यास्तव बेरजेबरोबर पावसातील खंडाचे दिवसही दाखवावेत.

शून्य आणि रिकामी जागा

पाऊस पडला नाही, तर नोंदवहीत शून्य लिहावे. नोंदच घेतली गेली नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. रिकामी जागा पुढे कोणीतरी शून्य समजतो आणि एका दिवसाची चूक संपूर्ण हंगामाच्या अहवालात उतरते.

2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिल रोजी पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. अशी वेळ एका दिवसात येत नाही. पावसातील तूट, धरणातील साठा आणि विहिरींची पातळी यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर टंचाईची चाहूल काही महिने आधी लागू शकते.

या कामी शाळांचाही हातभार लागू शकेल. शाळेच्या आवारातील साध्या पर्जन्यमापकावर विद्यार्थ्यांनी रोज घेतलेली नोंद शासकीय नोंदीची जागा घेणार नाही; परंतु मंडळाच्या केंद्रापासून दूर असलेल्या गावात किती पाऊस झाला, हे तीवरून समजेल. ही नोंद महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी. ज्यांच्याविषयी आकडे आहेत त्यांच्यासमोर ते वाचले गेले, म्हणजे चुका लवकर ध्यानात येतात.