आजच्या कामाची पावती आजच घ्या

स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांसाठी: स्वतःला शाबासकी देताना काय करावे, काय टाळावे

पूर्व, मुख्य, मुलाखत. राज्यसेवेची जाहिरात निघाल्यापासून अंतिम निकाल लागेपर्यंत वर्ष सहज सरतं, कधी त्याहून जास्त. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये रोज आठ-दहा तास बसणाऱ्या मुलामुलींना एवढ्या काळात ‘आजचा दिवस चांगला गेला’ असं सांगणारं कुणी नसतं. घरून फोन येतो तोही ‘निकाल कधी?’ हे विचारायला. म्हणून रोजच्या छोट्या कामाची दखल आपली आपणच घ्यायची. याला लाड म्हणू नका. लांबच्या वाटेला शिदोरी लागतेच.

काय करावे

• बक्षीस सकाळीच ठरवा. वहीत लिहा: ‘मूलभूत हक्कांवरचे 50 प्रश्न, चुका तपासून, मग टपरीवर चहा.’ काम संपल्यावर ठरवायला बसलात, तर हात एकतर फार सैल सुटतो किंवा अगदी आखडतो.

• काम संपणारं निवडा. ‘आज इतिहास करायचा’ हे कधीच संपत नाही. ‘दोन समाजसुधारकांच्या नोंदी’ संपतात.

• मेहनतीला बक्षीस द्या, गुणांना नको. सराव परीक्षेत किती गुण पडतील हे हातात नसतं; चुकलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा सोडवणं हातात असतं.

• लगेच द्या. दुपारच्या कामाचा आनंद रविवारपर्यंत राखून ठेवला, तर मनात त्या दोघांची गाठ बसत नाही.

• नकोशा कामाला आवडती गोष्ट जोडा. अमेरिकेत कॅथरीन मिल्कमन यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना उत्कंठावर्धक श्राव्य पुस्तकं फक्त जिममध्येच ऐकायला मिळत. सुरुवातीला ते इतरांपेक्षा जास्त वेळा जिमला गेले. मोठ्या सुट्टीनंतर मात्र तो उत्साह ओसरला. तेव्हा आवडीची गाणी फक्त चालू घडामोडींच्या नोंदी उतरवतानाच लावा, आणि दिवाळीला गावी जाऊन आलात की हा नियम नव्याने सुरू करा.

• रात्री एक ओळ लिहा: आज काय पुढे सरकलं? तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी 238 नोकरदारांच्या सुमारे 12,000 रोजनिशी-नोंदी तपासल्या. महत्त्वाच्या कामात थोडी जरी प्रगती झाली, तरी त्या दिवशी माणसं अधिक उमेदीत असल्याचं त्यांना दिसलं.

• कुणाला तरी सांगा. रूममेटला, आईला. ‘आज पंचायत राज संपवलं’ एवढं एक वाक्य पुरतं.

काय टाळावे

• रील्सचं बक्षीस नको. बक्षिसाला स्वतःचा शेवट हवा. चहाचा ग्लास रिकामा होतो, सारसबागेची फेरी पूर्ण होते. मोबाइलची ‘पाच मिनिटं’ तशी संपत नाहीत.

• कामावरच पाणी फिरवणारं बक्षीस नको. आयलेट फिशबाख आणि रवी धर यांच्या 2005 मधल्या अभ्यासात, वजन कमी करताना आपली प्रगती बरीच झाली असं वाटलेल्यांनी सफरचंदाऐवजी चॉकलेट जास्त प्रमाणात उचललं. ‘आज आठ तास झाले, उद्या सुट्टी’ हा तोच मोह.

• उधारी नको. ‘आधी सिनेमा, मग अभ्यास’ यातला अभ्यास बहुधा मागेच राहतो.

• खर्चिक बक्षीस नको. घरून येणाऱ्या पैशांतून खोलीभाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी भागवायची असते. महागड्या बक्षिसाने आनंदापेक्षा अपराधीपणाच वाढतो. संध्याकाळी पर्वती चढून या. वरचा वारा फुकट आहे.

• आवडत्या विषयाला बक्षिसाची सवय लावू नका. 1973 मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची हौस असलेल्या लहान मुलांना आधी प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं. पुढे मोकळ्या वेळेत ती मुलं चित्रांकडे कमी वळली. नकाशे भरायला आवडत असतील, तर नकाशा भरणं हेच बक्षीस समजा.

• हुकलेल्या दिवसाची शिक्षा नको. जेवण टाळणं, झोप तोडणं तर मुळीच नको. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागल्याचं आढळलं. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी खुर्चीवर बसा, एवढंच.

निकालाची तारीख आयोग ठरवतो. आजचा दिवस कारणी लागला की नाही, हे मात्र आज रात्रीच तुम्हाला कळू शकतं. वहीतली ती एक ओळ लिहा आणि मगच दिवा मालवा.