दाट वस्ती आणि शेजाऱ्यांची हरकत

वर्धा जिल्ह्याची निर्मिती 1862 मध्ये झाली. प्रारंभी त्याचे मुख्यालय पुलगावजवळील कवठा येथे होते. 1866 मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागेवर वर्धा शहर वसविण्यात आले. आखणी करून वसविलेले शहर असल्याने त्याचे रस्ते सरळ व रुंद ठेवता आले. अशा शहरात जुने घर पाडून तेथे सदनिकांची इमारत उभी राहू लागली, की शेजाऱ्यांना पाणी, सांडपाणी आणि वाहने यांची चिंता वाटणे स्वाभाविक आहे. अशी चिंता हजारो नागरिक एकाच वेळी व्यक्त करतात तेव्हा काय घडते, हे मुंबईच्या अनुभवावरून समजून घेता येते.

निर्देशांकाचा अर्थ

भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे चटईक्षेत्र निर्देशांकाने ठरते. निर्देशांक 1 असेल तर 100 चौरस मीटर भूखंडावर एकूण 100 चौरस मीटर बांधकाम होते. तो 2 झाला तर 200 चौरस मीटर होते. घरे वाढतात, परंतु समोरचा रस्ता आणि जमिनीखालची मलवाहिनी आपोआप वाढत नाही. विरोधाचे मूळ बहुधा येथेच असते.

मुंबईचा अनुभव

मुंबईच्या 1991 च्या नियमावलीत हा निर्देशांक शहर भागासाठी 1.33 व उपनगरांसाठी 1 होता. फेब्रुवारी 2015 मध्ये महानगरपालिकेने 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध केले. त्यात काही रेल्वे स्थानकांच्या परिसरात 8 पर्यंत निर्देशांक सुचविला होता. त्यावर हजारो हरकती दाखल झाल्या. केवळ दाटीलाच नव्हे, तर नकाशातील चुकांनाही नागरिकांनी आक्षेप घेतला होता. एप्रिल 2015 मध्ये शासनाने ते प्रारूप रद्द करून सुधारित आराखडा तयार करण्याचा आदेश दिला. 2018 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात निवासी बांधकामासाठी कमाल निर्देशांक शहरात 3 व उपनगरांत 2.5 ठेवण्यात आला आणि त्याची सांगड रस्त्याच्या रुंदीशी घालण्यात आली. म्हणजेच विरोधामुळे घरांची वाढ थांबली नाही. तिला मर्यादा पडली.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. 2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील 40 टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. नव्या इमारतीत उद्या राहावयास येणारे कुटुंब आजच्या सुनावणीस हजर नसते. त्याची बाजू मांडणारा कोणी नसल्यामुळे ती विचारात घेण्याची जबाबदारी हरकतदारांवर व नियोजनकारांवरही येते.

कायद्याने दिलेला मार्ग

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 हा वर्धा नगरपरिषदेसही लागू आहे. त्यातील कलम 26 नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या जातात. कलम 28 नुसार नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. कलम 31 अन्वये शासन अंतिम मंजुरी देते. डिसेंबर 2020 पासून मुंबई व काही अपवादात्मक क्षेत्रे वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली असून तिच्या तरतुदी वर्ध्यासारख्या शहरांनाही लागू आहेत.

मुदतीत दिलेली लेखी हरकत उपयोगी पडते. बांधकाम सुरू झाल्यानंतरची कुरबुर पडत नाही. “आमच्या गल्लीत परके लोक नकोत” ही हरकत नव्हे. रस्ता किती मीटर रुंद आहे, नळाला पाणी किती वेळ येते, पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते, मुलांसाठी मोकळी जागा किती उरते, हे मोजून लिहिले तर तिला वजन येते. धाम नदीच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या वर्धेकरांना हा हिशेब नवा नाही. “इमारत नको” एवढे म्हणून थांबण्यापेक्षा “आधी जलवाहिनी, मग मजले” असे सांगणारी हरकत शेजाऱ्यांच्या हिताची असतेच. घराच्या शोधात असलेल्या कुटुंबालाही तिचा लाभ होतो.