एक विद्यापीठ, दोन शहरे : चर्चासत्राला जोडून केलेल्या नांदेड-लातूर प्रवासाविषयी

महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या वतीने भरणाऱ्या चर्चासत्रांना, म्हणजे एका निश्चित विषयावर शोधनिबंध वाचून त्यांवर चर्चा करण्यासाठी बोलावलेल्या अभ्यासकांच्या सभांना, बाहेरगावचे अध्यापक आणि संशोधक आवर्जून येतात, आणि यजमान शहर पूर्वी पाहिलेले नसेल तर ते पाहून घेण्याची इच्छाही त्यांच्यासोबत येते. ही इच्छा गैर मानण्याचे कारण नाही. इतिहास, भाषा, समाजशास्त्र किंवा भूगोल या विषयांच्या अभ्यासकाला तर नवे शहर पाहणे हा कामाचाच भाग असतो. अडचण निर्माण होते ती शहरासाठी लागणारा वेळ चर्चासत्राच्या वेळापत्रकातून काढून घेतला जातो तेव्हा, आणि नांदेड-लातूर या जोडीच्या बाबतीत ती विशेष वारंवार निर्माण होते, कारण येथे भूगोलाविषयीचा एक गैरसमज आधीच मनात घर करून असतो.

या गैरसमजाचे मूळ विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची राजवट संपली आणि मराठवाडा मुक्त झाला. त्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेड येथे स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे आज त्याच्या कक्षेत आहेत. एकाच विद्यापीठाची ही दोन मोठी शहरे असल्यामुळे ती एकमेकांच्या शेजारी असावीत, अशी बाहेरच्या माणसाची समजूत होते. प्रत्यक्षात त्यांच्यामधील रस्ता सुमारे 140 किलोमीटरचा आहे, एसटीने त्याला तीन ते चार तास लागतात, आणि रेल्वेने जाऊ पाहिल्यास परभणी व परळीवरून मोठा वळसा पडतो.

या समजुतीचे परिणाम काय होतात, हे प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिलेल्या एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. नांदेडमधील एका महाविद्यालयाच्या चर्चासत्राला पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या काही अध्यापकांनी शेवटच्या दिवशी दुपारी निघून लातूर आणि तेथून खरोसा लेणी पाहण्याचा बेत आखला होता व त्यासाठी गाडीही ठरवून ठेवली होती. परंतु उद्घाटन लांबल्यामुळे पुढची सर्व सत्रे सरकली आणि त्यांच्यातील एका अध्यापिकेचा निबंध जेवणानंतरच्या सत्रात गेला. गाडी थांबणार नव्हती, म्हणून निबंध न वाचताच त्या निघाल्या. लेणी पाहून झाली. मात्र त्यांना मिळालेल्या प्रमाणपत्रावर सादरीकरणाचा उल्लेख येऊ शकला नाही, आणि परतीचे तिकीट नांदेडऐवजी लातूरचे असल्याने त्यांच्या महाविद्यालयाच्या लेखा विभागाने प्रवास भत्त्याचे देयक हरकत घेऊन परत पाठवले. यात कोणी मुद्दाम त्रास दिला असे म्हणता येत नाही. चर्चासत्र जसे चालते तसेच ते चालले होते.

चर्चासत्राची ही चाल समजून घेतली तर पुष्कळसे नुकसान टळते. उद्घाटन, त्यानंतरचे बीजभाषण, म्हणजे विषयाची दिशा ठरवून देणारे प्रमुख व्याख्यान, मग एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत चालणारी समांतर सत्रे आणि शेवटी समारोप, असा साधारण क्रम असतो. प्रमुख पाहुण्यांचे आगमन लांबले की सत्कार आणि प्रास्ताविके लांबतात, आणि तो उशीर शेवटी निबंधवाचकांच्या वाट्याच्या मिनिटांतून भरून काढला जातो. बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्रांचे वाटप समारोपानंतर होते, त्यामुळे छापील वेळापत्रकातील समारोपाच्या वेळेनंतर लगेच सुटणारी गाडी गाठण्याचा बेत कधीही करू नये. कर्तव्य रजा, म्हणजे संस्थेच्या कामासाठी मिळणारी आणि हजेरीत धरली जाणारी रजा, केवळ चर्चासत्राचे दिवस आणि प्रवास यांपुरती असते. शहर पाहण्याच्या दिवसासाठी किरकोळ रजा वेगळी मागावी, मुख्यालय सोडण्याची परवानगी त्याच अर्जात घ्यावी आणि परतीचा मार्ग बदलणार असेल तर तो आधीच लेखी मान्य करून घ्यावा. पुढची सगळी धावपळ या एका अर्जाने वाचते.

दुसरी खबरदारी पंचांगाची आहे. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपत असल्याने अनुदानित चर्चासत्रांची दाटी जानेवारी ते मार्च या तिमाहीत होते, आणि नेमक्या याच काळात नांदेडला होळीच्या सुमारास होला महल्ला साजरा होतो. देशभरातून व परदेशांतून येणाऱ्या शीख भाविकांमुळे यात्री निवासांपासून स्थानकाजवळच्या लॉजपर्यंत खोल्या मिळणे कठीण होते. लातूरमध्ये महाशिवरात्रीपासून सिद्धेश्वराची यात्रा भरते. ही गर्दी टाळायची की तिचाच अनुभव घ्यायचा, हे आधी ठरवावे. मार्च उलटल्यावर मराठवाड्यातील ऊन असे तापते की किल्ले आणि लेणी सकाळी दहाच्या आत उरकणे शहाणपणाचे ठरते.

तिसरी आणि सर्वांत उपयोगी बाब म्हणजे क्रम भूगोलाकडून ठरवून घेणे. नांदेडचे रेल्वे स्थानक, गुरुद्वारा आणि जुने शहर गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे, तर विष्णुपुरी येथील विद्यापीठाचा परिसर नदीपलीकडे, लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. म्हणून शहरासाठीचा दिवस चर्चासत्राच्या आधी ठेवावा आणि लातूरसाठीचा नंतर. असे केल्यास तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही, आणि चर्चासत्र कितीही लांबले तरी नांदेड पाहायचे राहून जात नाही.

नांदेडच्या दिवसाचे केंद्र अर्थातच तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे आहे. तख्त म्हणजे शीख पंथाच्या धार्मिक अधिकाराचे पीठ. अशा पाच पीठांपैकी हे एक असून दहावे गुरू श्री गुरू गोविंदसिंग यांचे 1708 मध्ये येथे देहावसान झाले, आणि आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंग यांच्या पुढाकाराने 1832 ते 1837 या काळात उभी राहिली. गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दशम ग्रंथाचाही येथे मान राखला जातो, ही धर्मेतिहासाच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी विशेष परंपरा आहे. डोके झाकणे, पाय धुऊन आत जाणे आणि तंबाखू-सिगारेट जवळ न बाळगणे हे नियम सर्वांनाच लागू आहेत. लंगर, म्हणजे सर्वांनी एका पंगतीत बसून घ्यायचे सामुदायिक भोजन, घाईने उरकण्याची गोष्ट नव्हे, म्हणून त्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा. गोदाकाठचा नंदगिरी किल्ला त्याच दिवशी पाहता येतो. मराठी वैचारिक साहित्याच्या वाचकाला नरहर कुरुंदकर (1932-1982) यांचे पीपल्स कॉलेजही ओढून नेईल. तेथे ते प्राचार्य होते, पण ते चालते महाविद्यालय असल्याने कळवून जाणेच योग्य.

लातूरच्या वाटेवर लोहा, माळेगाव, अहमदपूर आणि चाकूर ही गावे लागतात. माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा आणि जनावरांचा मोठा बाजार भरतो. त्या दिवसांत या रस्त्यावर नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ धरावा. राष्ट्रकूट काळाशी नाते सांगणारा आणि रुंद खंदकाने वेढलेला कंधारचा किल्ला नांदेडपासून सुमारे 50 किलोमीटरवर आहे. तो पाहायचा असल्यास त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये.

लातूर शहरात पाहण्यासारखे फारसे नाही, असे अनेकदा सांगितले जाते. ते सांगणाऱ्याने गंजगोलाई नीट पाहिलेली नसते. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, भोवती वर्तुळाकार बाजारपेठ आणि तेथून फुटणारे 16 रस्ते, ज्यांवर सराफा, गूळ, मिरची, चपला अशा मालाच्या वेगवेगळ्या पेठा वसल्या, अशी ही रचना नगररचनेच्या अभ्यासकाला अर्धा दिवस सहज गुंतवून ठेवते. औसा तालुक्यातील खरोसा येथील लेणी वेरूळ-अजिंठ्याप्रमाणे काळ्या कातळात नसून जांभ्या दगडात कोरलेली आहेत, त्यामुळे तेथील मूर्ती बऱ्याच झिजल्या आहेत आणि त्या पाहण्यासाठी सकाळचा उजेड लागतो. 3 फेब्रुवारी 1760 रोजी सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने ज्या मोहिमेत निजामाचा पराभव केला तिला ज्याचे नाव मिळाले ते उदगीर लातूरपासून सुमारे 65 किलोमीटरवर आहे. खरोसा आणि उदगीर एका दिवसात जोडू नयेत.

लातूर जिल्ह्यातील किल्लारीविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजल्या जाणाऱ्या दख्खनच्या पठारावर झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. भूशास्त्र किंवा पुनर्वसन हा ज्याचा विषय आहे त्याने तेथे जरूर जावे, पण स्थानिक अध्यापकाच्या ओळखीने आणि आधी प्रश्न ठरवून. जाता जाता थांबून पडक्या भिंतींची छायाचित्रे घेणे हे त्या घरांतून वाचलेल्या माणसांसमोर अशोभनीय ठरते. पाण्याबाबतही हेच भान हवे. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणून जगलेल्या लातूर शहरात लॉजवरच्या नळाखाली बादली वाहू देणे तेथील माणसाच्या डोळ्यांत खुपते.

या सर्व सूचनांचा व्यवहारातला अर्थ असा की चर्चासत्राच्या दोन दिवसांना आधी एक आणि नंतर दोन, असे किमान तीन मोकळे दिवस जोडता आले, तरच दोन्ही शहरे एका प्रवासात धरावीत. हाताशी एकच दिवस असेल तर तो नांदेडला द्यावा, लातूरचे नाव यादीतून काढून टाकावे आणि ते पुढच्या निमंत्रणासाठी राखून ठेवावे. विद्यापीठाचे उपकेंद्र आणि अनेक महाविद्यालये लातुरातही असल्यामुळे असे निमंत्रण येण्याची शक्यता मुळीच दुर्मीळ नाही.