जन्मतः न रडलेल्या बालकांचा विकास : बेळगाव येथील संशोधनाचा अभ्यास

मूल जन्मताच रडले की घरातील सर्वांचा जीव भांड्यात पडतो. परंतु काही बालकांचा श्वास जन्मानंतर आपोआप सुरू होत नाही. या अवस्थेस जन्मश्वासावरोध असे म्हणतात. अशा बालकास तत्काळ कोरडे करून पाठ चोळणे आणि तेवढ्याने भागले नाही तर पिशवी व मुखवटा यांच्या साहाय्याने हवा देणे आवश्यक असते. हे काम पहिल्या मिनिटात झाले तर अनेक बालके वाचतात. मात्र बालक वाचल्यानंतर घरात दुसरीच चिंता सुरू होते. हे मूल पुढे शहाणे होईल ना, हा प्रश्न आजी उघडपणे विचारते आणि आई मनात ठेवते. या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधण्याच्या कार्यात बेळगाव येथील संशोधकांचा महत्त्वाचा वाटा आहे. घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यातून पुष्कळ शिकण्यासारखे असल्याने या कार्याचा परिचय येथे करून देण्यात येत आहे.

संशोधनाचा उगम

बेळगाव येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. हे महाविद्यालय आज के. एल. ई. अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. तेथील स्त्रिया व बालके यांच्या आरोग्याविषयीचा संशोधन विभाग अमेरिकेच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य व मानवविकास संस्थेने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्यात सहभागी आहे. डॉ. शिवप्रसाद गौडर व त्यांचे सहकारी यांनी या विभागाच्या कार्याची धुरा वाहिली.

या जाळ्यामार्फत भारतासह सहा देशांतील ग्रामीण भागांत प्रसूती करणाऱ्या व्यक्तींना नवजात बालकाच्या प्राथमिक काळजीचे शिक्षण देण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या सात दिवसांतील बालमृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. परंतु मृतजन्म म्हणून नोंदल्या जाणाऱ्या बालकांचे प्रमाण दर हजारी २३.० वरून १५.९ पर्यंत उतरले. पूर्वी मृत समजून बाजूला ठेवली जाणारी काही बालके वस्तुतः जिवंत असावीत व योग्य प्रयत्नांनी ती वाचू लागली असावीत, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. बालके वाचू लागली की ती कशी वाढतील, हा प्रश्न ओघानेच पुढे येतो. त्यासाठी बेळगाव परिसर, पाकिस्तान व झांबिया या तीन ठिकाणी नवा अभ्यास हाती घेण्यात आला. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाचे बालरोगतज्ज्ञ डॉ. वॉल्डेमार कार्लो हे या अभ्यासातील प्रमुख संशोधकांपैकी होत.

घरभेटीची पद्धती

जन्मतः श्वासासाठी मदत द्यावी लागलेली आणि जन्मतः कोणताही त्रास न झालेली, अशी दोन्ही प्रकारची बालके या अभ्यासात घेण्यात आली. प्रत्येक प्रकारातील बालकांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने दोन गटांत विभागणी झाली. एका गटाच्या घरी दर पंधरवड्यास पालक-प्रशिक्षक जाई आणि बालकाच्या वयास अनुरूप असे एक-दोन खेळ आईस करून दाखवी. आई ते खेळ तिच्यासमोर स्वतः करून पाही. पुढील भेटीपर्यंत ते रोज थोडा वेळ करावेत, अशी अपेक्षा असे. दुसऱ्या गटाच्या घरीही तितक्याच वेळा भेटी होत. परंतु त्यांत आहार, स्वच्छता, लसीकरण अशा आरोग्यविषयक गोष्टी सांगण्यात येत. हा क्रम मूल तीन वर्षांचे होईपर्यंत चालला.

दुसऱ्या गटाकडेही भेटी का द्यावयाच्या, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. कोणीतरी आपुलकीने घरी येते, मुलाची चौकशी करते, एवढ्यानेही आईस धीर येतो व मुलाकडे अधिक लक्ष दिले जाते. केवळ खेळांचा परिणाम समजावयाचा असेल तर भेटीचा हा लाभ दोन्ही बाजूंस सारखा हवा. शिवाय कोणत्याही कुटुंबास काहीही न देता केवळ त्याच्या मुलाचे मोजमाप घेत राहणे योग्य ठरले नसते.

मापनाची शिस्त

मुलांच्या विकासाचे मापन बेली श्रेणीने करण्यात आले. ही श्रेणी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बेली यांनी तयार केली. ठोकळ्यावर ठोकळा ठेवणे, फडक्याखाली लपविलेली वस्तू शोधणे, नाव घेतलेल्या वस्तूकडे बोट दाखविणे अशी छोटी कामे मुलास देऊन त्याचा बौद्धिक विकास व हालचालींचा विकास हे दोन्ही तीत स्वतंत्रपणे मोजले जातात. मापन करणाऱ्या परीक्षकास ते मूल कोणत्या गटातील आहे, हे कळू दिलेले नव्हते. ज्याने शिकविले त्यानेच गुण दिले तर नकळत हात सैल सुटतो, हा मनुष्यस्वभाव ओळखूनच ही काळजी घेण्यात आली.

परदेशी श्रेणी आपल्या मुलांना जशीच्या तशी लागू पडेल का, हा विचार भारतात फार पूर्वीपासून झालेला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी बेली श्रेणीच्या आधारे भारतीय बालकांच्या वाढीचा अभ्यास करून १९७० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातूनच भारतीय बालकांसाठीची विकासमापन श्रेणी सिद्ध झाली. तीत हालचालींविषयी ६७ व बौद्धिक विकासाविषयी १६३ कसोट्या आहेत.

बेळगाव-निपाणी भागात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. येथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड व उर्दू बोलणारी घरे असतात. एखादे मूल घरी मराठी ऐकते व शेजारी कन्नड. अशा मुलास ‘भाकरी’ हा शब्द कळत असेल. पण परीक्षकाने ‘रोट्टी’ म्हटले व मूल गप्प राहिले, तर ती मुलाची उणीव ठरत नाही. म्हणून मूल घरात कोणती भाषा ऐकते, याची खात्री झाल्यावाचून त्याच्या बोलण्याविषयी कोणताही शेरा लिहू नये.

निष्कर्ष

बारा महिन्यांच्या वयापर्यंतचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मतः श्वासासाठी मदत लागलेल्या बालकांपैकी बहुसंख्य बालकांचा विकास सर्वसाधारण मर्यादेत असल्याचे त्यांत दिसून आले. येथे एक मर्यादा लक्षात ठेवावयास हवी. सातव्या दिवशी मज्जासंस्थेची तीव्र विकृती आढळलेली व १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बालके या अभ्यासातून वगळलेली होती. त्यामुळे हा निष्कर्ष सरसकट सर्व बालकांस लागू होत नाही. तरीही ‘रडले नाही म्हणजे मंद निघणार’ ही समजूत निराधार आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वासावरोध झालेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी खेळ शिकविण्यात आले, त्यांची बौद्धिक विकासाची सरासरी दुसऱ्या गटापेक्षा अधिक भरली. फरक थोड्याच गुणांचा होता. परंतु महागडे यंत्र वा औषध न वापरता तो साध्य झाला होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, घरभेटी जितक्या नियमित व घरचे खेळ जितके अधिक, तितका विकास चांगला, असेही आढळले. जमेकातील किंग्स्टन येथे सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी कुपोषणामुळे वाढ खुंटलेल्या मुलांवर केलेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, आरोग्यसेविकांच्या साप्ताहिक घरभेटींनी असाच लाभ झाल्याचे दिसले होते.

कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध

निपाणी परिसर तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. तेथील अनेक स्त्रिया वखारीत राबतात किंवा घरी विड्या वळतात. विड्यांची मजुरी हजारी हिशेबाने मिळत असल्याने गेलेली प्रत्येक घटका म्हणजे बुडालेली मजुरी होय. अशा आईस ‘मुलाशी रोज खेळत जा’ एवढेच सांगणे म्हणजे तिच्या माथी आणखी एक काम मारणे आहे. तिच्या दिवसात खेळ कोठे बसेल, हे कार्यकर्तीने तिच्याशी बोलून शोधावयास हवे. न्हाऊ घालताना अवयवांची नावे घेणे, भाकरी थापताना पिठाचा लहान गोळा मुलाच्या हाती देणे, वाटीखाली चमचा लपवून तो शोधावयास लावणे, यांस वेगळा वेळ लागत नाही. मात्र विड्यांचे सूप मांडीवर असताना मुलास जवळ घेऊ नये, तंबाखूची धूळ त्यास बाधते, हेही सांगावयास हवे. आई वखारीत जात असेल तर मूल दिवसभर ज्या आजीपाशी वा थोरल्या बहिणीपाशी असते, तिलाच हे खेळ दाखवावेत.

दुसरी गोष्ट नोंदींची. पंधरवड्याची भेट चुकली तर ती चुकली असेच लिहावे. न दिलेली भेट दिली म्हणून लिहिल्यास मुलाचा लाभ बुडतोच, शिवाय ‘भेटी देऊनही उपयोग झाला नाही’ असा खोटा निष्कर्ष निघून पुढील अनेक मुलांचे नुकसान होते.

तिसरी गोष्ट, वेळीच पुढे पाठविण्याची. मूल आवाजाकडे वळत नसेल, त्याचे अंग फार ताठ वा फार ढिले वाटत असेल, किंवा आलेली क्षमता ते गमावत असेल तर केवळ खेळांवर विसंबू नये. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फत त्याची तपासणी करून घ्यावी.

केंद्र शासनाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘नवचेतना’ आराखड्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी महिन्यागणिक उपक्रम दिलेले असून अंगणवाडी सेविकेच्या घरभेटीस त्यात मोठे स्थान आहे. म्हणजे बेळगाव परिसरात काही कुटुंबांपुरते जे अभ्यासले गेले, त्याच जातीचे काम आता घरोघरी पोहोचवावयाचे आहे. मूल शहाणे होईल ना, असे आजीने विचारल्यास कार्यकर्तीने वायदा करू नये आणि भीतीही घालू नये. अशी बहुतेक मुले चांगली वाढतात व त्यांच्याशी बोलल्या-खेळल्याने अधिक चांगली वाढतात, एवढे तिने खात्रीने सांगावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्या दारी जावे.